विरजण

“सुरुवातीला काहीच नव्हतं.”

एवढं एकच वाक्य मी माइकमध्ये म्हटलं आणि काचेपलीकडे वामनशास्त्रींनी हात वर केला. गफूरभाईंनी टेप थांबवली आणि सवयीने खिशातून सुपारी काढली. त्या आठवड्यात त्यांची बरीच सुपारी संपली होती.

“आवाज उत्तम आहे,” शास्त्रीबुवा म्हणाले, “पण वाक्य चुकीचं आहे.”

“वाक्य बरोबर आहे. इंदू, तू पुढे वाच,” होनराव सर म्हणाले.

“पुढे काय वाचेल ती? पायाच कच्चा! अहो होनराव, नाही त्यातून आहे कसं निघेल? तिळात तेल असतं म्हणून गळतं. वाळूचा घाणा फिरवलाय का कुणी? दुधात दही...”

“ते नका काढू.”

“का नको? दुधात दही असतंच. म्हणून तर दुधाचं दही लागतं. पाण्याचं कधी लागलंय?”

होनराव सर उठले आणि जिना चढून वर निघून गेले. शास्त्रीबुवा उपरण्याने चष्मा पुसत बसले. “रागावले वाटतं,” एवढंच म्हणाले. गफूरभाईंनी माझ्याकडे बघून सुपारीचा डबा पुढे केला. त्या डब्यापलीकडे आम्हां दोघांच्या हातात काही नव्हतं.

ही पंचाण्णव सालची गोष्ट. सोलापुरात आमचं छोटं तारांगण उभं राहत होतं. दिवाळीत सूर्यग्रहण होतं, लोकांना आकाशाचं वेड लागलं होतं, म्हणून दसऱ्याला उद्घाटन करायचं ठरलं होतं. पहिलाच कार्यक्रम ‘विश्वाचा जन्म’. विज्ञान काय सांगतं ते होनराव सरांनी लिहायचं, आपल्याकडे जुन्या विचारवंतांनी काय म्हटलं ते वामनशास्त्री कौलगुडांनी लिहायचं, आणि दोन्ही मी वाचायचं. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, शास्त्रीबुवा त्याच कॉलेजात संस्कृत शिकवून. मी तेव्हा आकाशवाणीवर हंगामी निवेदिका होते. कांद्याचे भाव आणि उद्याचं हवामान वाचून वाचून कंटाळले होते. एकदम विश्वाच्या जन्मावर बढती मिळाल्यामुळे माझे पाय जमिनीवर नव्हते.

गंमत म्हणजे दोघांचं बाकी सगळ्यावर पटत होतं. ब्रह्मदेवाचा एक दिवस चारशे बत्तीस कोटी वर्षांचा, आणि पृथ्वीचं वय विज्ञान साडेचारशे कोटींच्या आसपास सांगतं, हे कळल्यावर मी मोठ्या उत्साहाने म्हटलं होतं, “शास्त्रीबुवा, जुळतंय की! हे ठळक घ्यायला हवं, टाळ्या पडतील.”

“पडतील,” शास्त्रीबुवा म्हणाले. “आणि उद्या यांनी आपला आकडा बदलला म्हणजे आमचे ऋषी खोटे पडतील. त्यांना त्यांचं मोजू दे, आम्हांला आमचं. जुळलं तर नमस्कार, नाही जुळलं तरी नमस्कार.”

सर मनापासून हसले होते. मग त्यांनी मला सांगितलं, की कार्यक्रम संपल्यावर टीव्हीवर ज्या मुंग्या दिसतात ना, त्यातल्या काही त्या अगदी आरंभीच्या उजेडाच्या असतात, अब्जावधी वर्षं चालत आलेल्या. त्यावर शास्त्रीबुवा म्हणाले, “आम्हीही रोज तिथूनच सुरुवात करतो. पूजेचा संकल्प सोडताना यजमानाचं नाव नंतर येतं. आधी श्वेतवाराह कल्प, मग वैवस्वत मन्वंतर, मग कलियुगाचा पहिला चरण, मग देश, मग गाव. सुपारीवर पाणी सोडणारा माणूस या अफाट काळात नेमका कुठे बसलाय, त्याचा पत्ता.”

“पिनकोड तेवढा राहिला,” सर म्हणाले, आणि दोघं म्हातारे पोरांसारखे खिदळले.

अशी माणसं पहिल्या वाक्यावर आली की त्यांच्या अंगात येत असे. सर म्हणायचे ‘काहीच नव्हतं’, शास्त्रीबुवा म्हणायचे ‘सगळं होतं, पण दिसत नव्हतं’. दोघंही मागे हटेनात, आणि पहिल्या वाक्यावाचून दुसरं कसं वाचणार? दसरा तर तोंडावर आला होता.

त्या दिवशी मी सरांच्या मागोमाग वर गेले. घुमटाच्या बाहेर, पायरीवर बसले होते.

“सर, एक विचारू? तुम्हीच मला वाचायला दिलेल्या पुस्तिकेत लिहिलंय, की आरंभी सगळं विश्व मोहरीहूनही लहान जागेत दाटलेलं होतं. आणि त्याच्या आधीचं विज्ञानाला सांगता येत नाही.”

“बरं मग?”

“मग ते शास्त्रीबुवांच्याच जवळ जातं की. सगळं आत दाटलेलं होतं. ‘काहीच नव्हतं’ असं तुमचं विज्ञानसुद्धा म्हणत नाही.”

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू परीक्षेत मी त्यांचीच उत्तरपत्रिका तपासून परत दिली होती.

“तू आवाजाचं काम कर,” ते म्हणाले. “विज्ञान माझ्याकडे असू दे.”

मला राग आला. घरी जाऊन आईपुढे सगळं ओकले. पदार्थविज्ञानाचा एवढा मोठा प्राध्यापक आणि स्वतःच्याच विषयात खोटं बोलतो! आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “तुला त्यांचं माहीत नाही का? शास्त्रीबुवांचा मुलगा गेला तो यांच्याबरोबरच.”

मुलगा बुडून गेला, एवढं मी ऐकून होते. त्यांच्या माजघरात फोटो होता, चंदनी हार घातलेला. मुकुंद त्याचं नाव. बाकीचं आईने सांगितलं. ऐंशी साली खग्रास ग्रहण झालं, ते बघायला होनराव सर कॉलेजातल्या काही मुलांना रायचूरकडे घेऊन गेले होते. ग्रहण छान दिसलं, आणि त्यानंतर मुकुंद कृष्णेच्या डोहात बुडाला. एकुलता एक.

“पण शास्त्रीबुवांचं मन बघ,” आई म्हणाली. “होनरावांना एका शब्दाने बोलले नाहीत. उलट ते रोज संध्याकाळी येतात, तर अजून शेजारी बसवून चहा देतात. माणूस असावा तर असा. सगळ्या पेठेत नाव आहे त्यांचं.”

म्हणजे या वादात दोघांची मैत्री मोडली, तर त्या मोठेपणावर पाणी पडणार होतं, आणि होनराव सरांना रोज संध्याकाळी जायला दुसरं दार नव्हतं. त्यांची पत्नी आधीच वारलेली, मूलबाळ नव्हतं. हे मला त्या रात्री कळलं आणि मी ठरवलं, की पहिलं वाक्य आपणच असं शोधायचं जे दोघांनाही चालेल. चोवीस वर्षांच्या मुलीला जगातलं कुठलंही भांडण एका वाक्याने मिटवता येतं.

दुसऱ्या दिवसापासून मी शास्त्रीबुवांच्या घरीच जाऊ लागले. मसुदा तिथेच बसून करू म्हटलं. सुमतीकाकू, म्हणजे शास्त्रीबुवांच्या पत्नी, फार बोलत नसत. हातातलं काम संपलं की दुसरं शोधायच्या. एकदा मला जेवायला थांबवून घेतलं. वरणभात झाला, भाजी झाली, शेवटचा भातही आमटीवरच आला. आमच्या घरी ताकभाताशिवाय कुणी पानावरून उठत नाही, म्हणून मी न राहवून विचारलं, “काकू, दही नाही का?”

“आमच्याकडे दही लावत नाहीत,” काकू म्हणाल्या आणि वाढायला वळल्या.

मला वाटलं, शास्त्रीबुवांना बाधत असेल. वयानुसार एकेकाचं काहीतरी बंद होतंच.

त्याच दिवसांत गणपती दूध प्यायला. आठवत असेल तुम्हांला, सगळा देश वाट्या-चमचे घेऊन देवळासमोर उभा होता. आमच्या गल्लीतल्या बायका शास्त्रीबुवांना बोलवायला आल्या. ते म्हणाले, “देवाने मागितलं नाही, तुम्हीच निघालात. घरी लेकरं आहेत ना? त्यांना पाजा.” तेव्हा होनराव सर तिथेच होते. त्यांनी दूध चमच्यातून कसं ओढलं जातं ते बायकांना समजावून सांगितलं. एकीलाही पटलं नाही. पण मला त्या दुधावरून वाक्य सुचलं. तिथल्या तिथे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. एवढं खूश मी पहिल्या पगारालाही झाले नव्हते.

संध्याकाळी दोघं माजघरात बसले होते. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी शेंगा फोडत होत्या. मी म्हटलं, “ऐका. ‘जसं दुधात दही आधीपासूनच दडलेलं असतं, तसंच हे सगळं विश्व त्या एका बिंदूत दडलेलं होतं. सूर्य, तारे, ही पृथ्वी आणि आपणही.’ सर, बिंदू तुमचा. शास्त्रीबुवा, दही तुमचं. आता दोघांनी हो म्हणा.”

शास्त्रीबुवांचा चेहरा उजळला. “शाबास! होनराव, पोरीने जिंकलं.”

होनराव सर म्हणाले, “हे वाक्य काढ.”

“का सर? छान बसलंय की.”

“काढ म्हणतो ना!” ते इतक्या मोठ्याने ओरडले, की काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. सरांचा चढलेला आवाज त्या घराने कधी ऐकला नसावा. मग ते खाली बघून म्हणाले, “ते कुठून आणलंस तू?”

“शास्त्रीबुवांचंच आहे. रोज म्हणतात ते.”

“त्यांचं नाही. माझं आहे.”

मला काही कळेना. शास्त्रीबुवा म्हणाले, “होनराव, राहू द्या. पोरीसमोर कशाला?”

“पोरीसमोरच बोलू द्या. ती वाचणार आहे ते सगळ्या गावाला.” सर उठून माझ्याकडे वळले. “त्या ग्रहणाला निघायच्या दिवशी इथंच, याच जागी उभे होतो आम्ही. बाहेर जीप तयार, पोरं बसलेली. वहिनींनी मुकुंदाच्या हातावर दही घातलं होतं. आणि बुवा ऐन वेळी म्हणाले, नको, ग्रहणात घराबाहेर नको, माझं मन घेत नाही. नको म्हणाले होते गं ते! स्पष्ट नको म्हणाले होते. मी त्याच्या हातावरच्या दह्याकडे बोट केलं आणि हसून म्हटलं, बुवा, तुमचंच शास्त्र ना, दुधात दही आधीच असतं म्हणून? जे व्हायचं ते आधीच आत आहे. मग पोराला घरात कोंडून काय टाळणार? सगळे हसले. मुकुंदाही हसला. बुवा हसले, आणि म्हणाले, जा.”

मी हातातली वही मिटली.

“शास्त्र तसं सांगत नाही,” शास्त्रीबुवा हळूच म्हणाले.

“सांगत नाही हे मलाही ठाऊक होतं. तुमच्याकडूनच शिकलो होतो. थट्टा केली मी. आणि तेव्हापासून पंधरा वर्षं मी तुमच्याकडे एकच गोष्ट बोलायला येतो, आणि तोंड उघडलं की तुम्ही माझीच थट्टा माझ्या पदरात घालता. जे होतं तेच झालं होनराव, दुधात दही असतंच! गाव तुम्हांला देवमाणूस म्हणतं. एका शब्दाने बोलले नाहीत म्हणतं. अहो, बोला ना! एक तरी शब्द बोला! आधी काही नव्हतं, बुवा. पोरगं धडधाकट होतं. मी तोंड उघडलं आणि झालं. तुम्ही म्हणता दोषच नाही. मग मी माफी कशाची मागू? आणि तुम्ही देणार कशाची?”

‘काहीच नव्हतं’ या दोन शब्दांवर हा माणूस का अडून बसला होता, ते तेव्हा मला कळलं. आपल्या विज्ञानाशी खोटं बोलून तो स्वतःसाठी शिक्षा मागत होता. मला माझ्या त्या लाडक्या वाक्याची इतकी लाज वाटली, की वही कुठे लपवू असं झालं.

मी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. ते सरांकडे बघतच नव्हते. ते बघत होते स्वयंपाकघराच्या दाराकडे.

काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. पदरातली टरफलं खाली सांडली, त्यांचं लक्ष नव्हतं.

“सुमती, तू आत जा,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“पंधरा वर्षं आतच आहे की,” काकू म्हणाल्या. “भाऊजी, हे तुमच्यासाठी गप्प बसले नाहीत. माझ्यासाठी बसले. तुम्हांला बोल लावला, तर पाठोपाठ मला लावावा लागेल म्हणून.”

“सुमती!”

“बोलू द्या. आंघोळ मी सांगितली होती. ग्रहण सुटलं की डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, माझी शपथ आहे, असं बजावलं होतं मी त्याला. त्याला पोहता येत नव्हतं, हे काय मला ठाऊक नव्हतं? नळाखाली करेल, असंच माझ्या डोक्यात होतं. नदी माझ्या ध्यानातच आली नाही हो.”

होनराव सर खाली बसले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “मला म्हणाला होता तो. मी विचारलं, कुठं निघालास? म्हणाला, आईची शपथ आहे सर. मी म्हटलं, जा, चटकन बुडी मारून ये, मातोश्री खूश. वहिनी, मी हे तुम्हांला कधी सांगितलं नाही.”

“सांगायला कशाला हवं? शपथ घातली ती मीच. माझ्या पोराने ती मोडली नसणार, एवढं मला कळत नाही?” काकूंनी पदराने तोंड पुसलं. “तुम्ही दोघं तरी एकमेकांशी वाद घालता. मला कुणी विचारलंच नाही. मी म्हणायला गेले, की हे म्हणायचे, व्हायचं होतं ते झालं, तू काही मनाला लावून घेऊ नकोस. मनाला नाही लावायचं तर कुठं लावायचं?”

रस्त्यावरून कुणी शास्त्रीबुवांना हाक मारली, तिला त्यांनी ओ दिली नाही. मग वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाले, “विरजण लागतं.”

“काय?” सर म्हणाले.

“दुधात दही असतं, हे खरं. पण दूध नुसतं ठेवलं तर नासतं. दही व्हायला विरजण लागतं. ज्यातून होतं ते वेगळं आणि ज्याच्यामुळे होतं ते वेगळं. पहिल्या पंधरवड्यात शिकवायचो मी हे. एखाद्या विद्यार्थ्याने नुसतं दूध सांगून विरजण गाळलं असतं, तर कान धरून उभा केला असता. आणि मीच पंधरा वर्षं अर्धंच म्हणत आलो. अर्ध्यात कुणाचं नाव येत नाही ना, म्हणून.”

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. डोळ्यांपुढे कुणाचा चेहरा स्पष्ट दिसू नये म्हणूनच असेल.

“होनराव, तुमच्या थट्टेमुळे झालं. मी नको म्हणालो होतो, तुम्ही मला हो म्हणायला लावलंत. तुमच्यामुळे झालं.”

सरांनी मान हलवली. रागाने नाही, दुःखानेही नाही. वर्गात नाव पुकारल्यावर मुलगा ‘हजर’ म्हणतो तशी हलवली.

“सुमती, तुझ्या शपथेमुळे झालं.”

“हो,” काकू म्हणाल्या.

“आणि माझ्यामुळे झालं. माझं तर तुम्हां दोघांहून वाईट. होनरावांनी शास्त्राचा वाकडा अर्थ लावला, तो वाकडा आहे हे त्या क्षणी कळलेला तिथे मी एकटाच होतो. बोलायला हवं होतं. पण कोटी सुरेख होती. मला आवडली. एकुलता एक मुलगा, आणि मी चांगल्या कोटीला दाद देऊन त्याला जा म्हटलं.” त्यांचा आवाज फाटला. “हे मी कुणाला सांगणार होतो? तुमच्या दोषावर पांघरूण घातलं की माझाही त्याच्याखाली झाकला जात होता. लोक त्याला मोठेपणा म्हणाले. मी म्हणू दिलं.”

मला रडू आवरेना. मी त्या घरची कुणी नव्हते, उठून जायला हवं होतं, पण दाराशी काकू उभ्या होत्या.

“मला माफ करा,” होनराव सर म्हणाले. हात जोडले नाहीत, पाया पडले नाहीत, नुसतं म्हणाले.

“करीन,” शास्त्रीबुवा म्हणाले. “आता करता येईल. आजच जमेल असं नाही, होनराव. आजवर तर रागवायचंही राहून गेलंय.”

“रागवा. मी उद्या येतोच आहे.”

“या.”

सर निघाले, तेव्हा दारातून परत आले आणि माझ्याकडून वही मागून घेतली. माझं दुधाचं वाक्य त्यांनी खोडलं. मग मूळ मसुद्यातलं स्वतःचं ‘काहीच नव्हतं’ही खोडलं. त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलं आणि वही शास्त्रीबुवांपुढे धरली. शास्त्रीबुवांनी ती डोळ्यांजवळ नेऊन मोठ्याने वाचली. “सुरुवातीला काय होतं, ते आम्हांला ठाऊक नाही.”

“विज्ञानाला एवढंच म्हणता येतं,” सर म्हणाले. “इतके दिवस मी त्याच्या तोंडी भलतंच घालत होतो.”

“आमच्याकडचे जुनेही शेवटी इथंच येऊन थांबले,” शास्त्रीबुवा म्हणाले. “वरून बघणाऱ्यालासुद्धा ठाऊक असेल की नसेल, कोण जाणे, म्हणाले. असू दे. हेच असू दे.”

मी निघाले, तशा काकू मागोमाग ओट्यापर्यंत आल्या. मला वाटलं, झालेलं कुठे बोलू नकोस म्हणतील. त्या म्हणाल्या, “इंदू, सकाळी येताना तुझ्या आईकडून चमचाभर विरजण आणशील?”

मी आईला काही सांगितलं नाही. कौलगुडकाकूंना विरजण हवंय, एवढंच म्हटलं. आईने हातातलं काम टाकून माझ्याकडे पाहिलं, आणि एक अक्षर न विचारता घरातली सगळ्यात चांगली वाटी काढली.

निवेदन दुसऱ्या दिवशी एका दमात झालं. मी म्हटलं, “सुरुवातीला काय होतं, ते आम्हांला ठाऊक नाही,” आणि भीतभीत काचेकडे पाहिलं. कुणाचाच हात वर नव्हता. गफूरभाईंचा हात सुपारीपर्यंत गेला होता, तो तसाच परत आला.

काकूंचं दही मात्र पहिल्या दिवशी लागलं नाही. पातळच राहिलं. दुसऱ्या दिवशी आंबलं. “हाताची सवय मोडली,” म्हणाल्या, आणि मला पुन्हा विरजणाला पिटाळलं. त्या दिवसांत दोघा म्हाताऱ्यांचं काय बोलणं झालं, ते मला ठाऊक नाही. एकदा गेले तर शास्त्रीबुवा चढ्या आवाजात बोलत होते आणि होनराव सर मान खाली घालून ऐकत होते. मी पायरीवरूनच मागे फिरले. पण संध्याकाळी सर यायचे ते यायचेच.

दसऱ्याला उद्घाटनाला निघायचं म्हणून मी रिक्षा घेऊन त्यांच्या घरी गेले. शास्त्रीबुवांनी नवं उपरणं घेतलं होतं. होनराव सर इस्त्रीचा शर्ट घालून माजघरात उभे होते, बरोबर त्याच जागी. काकूंना आम्ही चला म्हटलं, तर म्हणाल्या, “पुढच्या खेपेला येईन. आज तुम्ही या जाऊन.” मग आत गेल्या आणि वाटी घेऊन बाहेर आल्या.

दही असं घट्ट लागलं होतं, की चमचा उभा राहावा.

“भाऊजी, हात पुढे करा.”

सरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवा म्हणाले, “करा.” सरांनी उजवा तळवा पुढे धरला. काकूंनी दुसऱ्या हाताने त्याला खालून आधार दिला आणि मगच त्याच्यावर दही घातलं.

“येतो म्हणा,” काकू म्हणाल्या.

सरांना ते म्हणायला वेळ लागला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आम्ही कुणीच त्यांना घाई केली नाही.